टोरांटोहून पंधरा तास

रुद्रेश,

"प्रिय" लिहीत नाही, कारण सध्या तू तसा नाहीस. परत गेल्याला तीन आठवडे झाले, एक फोन नाही. "माझ्या बापाचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस," एवढं ऐकवून गेलास.

अप्पा गेले त्या पहाटे तू इंटरनेटवर बघून सांगितलंस, "साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. मी येईपर्यंत थांबा." अरे शहाण्या, विमान सरळ उडालं तर पंधरा! फ्रँकफर्टला नऊ तास बसायचं, मग मुंबई, मग कोल्हापूर. मी बेरीज केली, छत्तीस झाले.

तरी मी बर्फाची पेटी मागवत होते. सिद्धरामकाका ओरडले, "वैनी, पेटीत आडवं घातलं की अंग ताठतंय, मग बसवता येत न्हाय. लिंगायताला झोपवून माती द्यायची व्हय?"

अप्पांनी जन्मभर इष्टलिंग तळहातावर घेऊन बसून पूजा केली. संध्याकाळी त्यांना तसंच बसवून माती दिली.

फ्रँकफर्टहून तुझा फोन आला तेव्हा मी नुकतीच अंघोळ करून टेकले होते.

"थांबलायत ना?"

"थांबलोय," म्हटलं. सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत दहा वर्षं शिकले, पण इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. माती दिल्याचं कळलं असतं, तर तू तिथूनच मागे फिरला असतास. अप्पांचं तुझ्यावाचून काही अडलं नव्हतं. माझं अडलं होतं.

थकलेली,
आई