रिकाम्या खुर्चीचा उपक्रम

१ सप्टेंबर, रविवार, दुपारी ३

आजपासून शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग अधिकृतपणे माझ्याकडे. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं. मंडळीने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चर्चमध्ये त्या वाजवत नाहीतच.

ही गेल्याला सात महिने झाले. हिने एकोणीस वर्षं हा वर्ग चालवला. कसा, ते देवच जाणे. सिलॅबस नाही, परीक्षा नाही, हजेरीपट नाही. कात्री, डिंक, रंगीत कागद आणि पोरांच्या गप्पा. मी बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतोय. ज्याला काही येत नाही त्याला रस्त्यावर कसं आणायचं, हे मला कुणी सांगायला नको.

संकल्प. सहा ऑक्टोबरला मुलांचा रविवार आहे, तोपर्यंत नऊ मुलांची पंचवीस करायची. आणि त्या दिवशी सगळ्या मंडळीपुढे माझी लेक प्रार्थना करेल.

दुसरा संकल्प जरा जास्त महत्त्वाचा. लेक अकरा वर्षांची आहे. ही गेल्यापासून तिने प्रार्थना केलेली नाही. डोळे मिटत नाही, तोंड उघडत नाही, विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. वयाचा परिणाम असणार. पण शिक्षकाच्याच घरी दिव्याखाली अंधार म्हटल्यावर लोक काय म्हणतील? पाच आठवडे भरपूर आहेत. पाच आठवड्यांत मी भल्याभल्यांना चढावर थांबवून गाडी उचलायला शिकवलं आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

उपक्रम ठरला. रिकामी खुर्ची. एका शिबिरात ऐकलेली पद्धत. मुलं गोल बसतात, त्यात एक खुर्ची मोकळी ठेवायची. जो अजून प्रभूला ओळखत नाही त्याची ती जागा. ती बघून मुलांना तळमळ लागते आणि ती मित्रांना घेऊन येतात. भरली की दुसरी ठेवायची. सोळा खुर्च्या, सोळा जीव.

वर्गात मुलांच्या छोट्या खुर्च्या आहेत, नेमक्या नऊ. स्टोअररूम धुंडाळल्यावर आणखी एक मिळाली. मोठी, हातांची, वेताच्या पाठीची. ही त्यावर बसायची. त्याने काही फरक पडत नाही. खुर्ची ती खुर्ची. पुसताना खुर्चीच्या एका हातावर सुकलेल्या डिंकाचा थेंब लागला. नखाने काढायला गेलो, निघेना. राहू दे.

८ सप्टेंबर, रविवार

खुर्ची ठेवली. मुलं एकेक करून आत आली, खुर्चीला गुड मॉर्निंग टीचर म्हणाली आणि बसली.  लेक फक्त खुर्चीला जरा लांबून वळसा घालून गेली, बसलेल्याच्या पायावर पाय पडू नये म्हणून जातात तशी.

मी शांतपणे समजावलं की टीचर इथे नाहीत, ही जागा अजून न आलेल्यासाठी आहे. वर्गात सात वर्षांचा एक मुलगा आहे, त्याचं नाव मी शंकासुर ठेवलंय. त्याने विचारलं, म्हणजे टीचर यायच्या आहेत का? नाही म्हटलं. मग म्हणाला, मेलेले उठतात ना? म्हटलं, उठतात, पण तो धडा अकरावा, नोव्हेंबरमध्ये येईल.

यश असं की पहिल्याच दिवशी नवा जीव आला. इस्त्रीवाल्याची मुलगी. शर्ट आणायला गेलो तेव्हा मीच बोलावलं होतं. ती बसायला गेली तर सगळी मुलं एका सुरात म्हणाली, तिथे बसलेत. बिचारी तासभर उभी राहिली. जाताना तिने दारातून एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि चपला हातात घेऊन पळाली.

पट नऊ. एकही कमी झाला नाही, ही जमेची बाजू.

११ सप्टेंबर, बुधवार, सकाळी १०

सुवार्तेला गाडीसारखी जागा नाही. शिकाऊ माणूस पट्टा बांधून बसलेला असतो, उठून जाता येत नाही. सध्या एक दाताची डॉक्टरीण शिकतेय. लाल सिग्नलला तिला सुवार्तेची छापील पत्रिका दिली. वर छापलंय, तुम्ही कुठे चालला आहात? ती म्हणाली, तुम्ही सांगाल तिकडे.

पुढे तिने विचारलं, मागच्या सीटवर कोण आहे? शिक्षकाच्या बाजूला वेगळा आरसा असतो, मी त्यात सारखा बघतो, ते मागच्या रस्त्यासाठी. तिचं म्हणणं, तुमचा आरसा रस्त्याला लागलेलाच नाही, सीटला लागलाय. तपासलं. रविवारी ही मागे बसायची, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन, तेव्हापासून तसाच राहिलेला. सात महिन्यांत लक्षात आलं नाही. सरळ केला.

दुपारी. पुन्हा वाकडा. स्क्रू ढिला आहे, गॅरेजमध्ये सांगणे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. ख्रिस्ती माणसाने ठेवायचाच नसतो.

१५ सप्टेंबर, रविवार

पट सात. दोन आयांनी पाळकसाहेबांकडे तक्रार केली. एका घरी मूल जेवताना शेजारी रिकामी खुर्ची ओढून ठेवतं. दुसऱ्या घरी मूल एकटं संडासात जात नाही. पाळकसाहेबांनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, मुलांना टीचरविषयी जरा बोलू द्यायचं का? म्हटलं, सिलॅबस मागे पडेल. मग त्यांनी तुम्हाला झोप लागते का असं विचारलं. लोक विषय कुठून कुठे नेतात.

खुर्ची स्टोअररूममध्ये परत ठेवली. पाठ चालू असताना आतून वेत करकरला, कुणी टेकून बसल्यावर करकरतो तसा. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. मी आवाज चढवून पाठ पूर्ण केला. ओलाव्याने वेत वाजतो, हे विज्ञान आहे.

१८ सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळी ५

लेकीला अकरा ओळींची प्रार्थना लिहून दिली. वीस मिनिटांत पाठ, एक अक्षर चुकलं नाही. पण वाहतुकीचे नियम म्हणावेत तशी म्हटली. आता डोळे मिटून म्हण, म्हटलं. नाही म्हणाली. सायकल देऊ केली. तरी नाही.

मग तिने आपणहून विचारलं, पप्पा, प्रार्थनेत एक दिवस चुकला तर काय होतं?

मला भरून आलं. सात महिन्यांत श्रद्धेविषयी पहिला प्रश्न. अशी संधी सोडणाऱ्यातला मी नव्हे. चाळीस मिनिटं समजावलं. साखळीचा दृष्टांत दिला. विहिरीत बादली सोडली आणि साखळीची एकच कडी तुटली, तर बाकीच्या कड्या कितीही मजबूत असोत, बादली गेली. ही हॉस्पिटलात होती तेव्हा, जानेवारीत, मी वर्गाची प्रार्थना-साखळी सुरू केली, त्या वेळीही हाच दृष्टांत दिला होता. चाळीस दिवस, चाळीस चौकोनांचा चार्ट, रोज एका मुलाची पाळी, उरलेले दिवस माझे. प्रार्थना केली की टिकमार्क. एकही दिवस चुकला नाही तर टीचर घरी येतील, असं सांगितलं होतं. एकतिसाव्या दिवशी चार्टचं काम संपलं.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग उठून भांडी घासायला गेली. न सांगता. दृष्टांत अचूक बसला.

२२ सप्टेंबर, रविवार

पट सहा. पाठ, शिष्यत्व भाग दोन. मुलं ओठ मिटून गुणगुणत होती. ही कागद कापताना गुणगुणायची ती चाल. थांबा म्हटलं, थांबली. तरी चाल ऐकू येत होती. पंखा असावा. पंखा बंद होता, पण जुने पंखे बंद असतानाही आवाज करतात.

पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर खुर्ची वर्तुळात. कुणी आणली विचारलं. शंकासुर म्हणाला, टीचर आल्या, त्यांना उभं कसं ठेवायचं? लेक मान खाली घालून तळवे फ्रॉकला पुसत होती. तळव्यांना धूळ होती. चौकशी केली नाही, सिलॅबस आधीच मागे आहे.

माझी जागा नेमकी त्या खुर्चीशेजारी. पाठ पूर्ण दिला. शेजारी बघितलं नाही. बघावंसं फार वाटत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कुणी नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मोकळा रस्ता. डॉक्टरीण नीट चालवत होती. मागून कुणीतरी म्हणालं, हळू हो, घाई आहे का कुठे? हिच्याच आवाजात. मी माझ्या बाजूचा ब्रेक कचकन दाबला. मागचा सायकलवाला आदळता आदळता राहिला आणि त्याने माझ्या आईवडिलांची चौकशी केली.

डॉक्टरणीने इंडिकेटर दिला, आरसे बघितले, गाडी कडेला घेतली. सगळं बिनचूक. मग मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, सर, थोडे दिवस सुट्टी घ्या. हँडब्रेक लावायचा राहिलाय, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

पट पाच. लेक धरून.

दुपारी तिचे मोजे ठेवायला ड्रॉवर उघडला. तळाशी तो चार्ट, चार घड्या घातलेला. तीस दिवसांचे तीस चौकोन भरलेले. तेविसावा तिच्या पाळीचा. तिथला टिकमार्क रबराने खोडलाय. इतका, की कागद झिजून पलीकडचं बोट दिसतं. टिकमार्क गेल्यावरही खोडत राहिली असणार.

मुलांना रबर जपून वापरायला शिकवलं पाहिजे.

माझे टिकमार्क नऊ आहेत. ठळक, निळे, सगळे एका मापाचे. त्याविषयी जास्त लिहीत नाही. चार्ट होता तसा ठेवला, वर मोजे.

५ ऑक्टोबर, शनिवार

तालीम झाली. लेक अकरा ओळी म्हणते. डोळे उघडे असतात, पण मंडळीचे मिटलेले असणार, कळतंय कुणाला. पंचवीसच्या संकल्पाची मुदत वाढवली आहे.

६ ऑक्टोबर, रविवार, दुपारी १

माइक चांगला होता. इथे लिहून ठेवतो, कारण पाळकसाहेबांना मी माइक बिघडला होता असं सांगून आलोय.

लेक पायरीवर उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तिने माइक जरा खाली ओढला. मग म्हणाली, मला करता येणार नाही. तेविसाव्या दिवसाची माझी राहिली होती, म्हणून आई गेली. एवढंच बोलली आणि खाली येऊन जागेवर बसली. डोळे उघडायचे की मिटलेलेच ठेवायचे, लोकांना कळेना.

दुपारी ४

उपासनेनंतर आम्ही दोघं चर्चमागे गाडीत बसून होतो. मी सुरू केली नाही.

ती सांगत होती. त्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस होता. घरी आली, आधी टिकमार्क केला, अंथरुणात पडल्यावर प्रार्थना करू म्हणाली आणि झोपून गेली. आठ दिवसांनी आई गेली. कडी तुटली ती तिची. आता तोंड उघडलं तर देवाला आठवेल की ही तीच मुलगी. आणि घरात आता तुम्हीच उरलाय, असं म्हणाली.

आठ महिने हे ओझं घेऊन ती माझ्यासमोर जेवत होती, आणि मी तिला सायकल देत होतो. माझ्याकडे तीन दृष्टांत तयार होते. एकही दिला नाही. खरं ते सांगितलं. माझ्या नऊ दिवसांत मी एकदाही प्रार्थना केली नव्हती. विसरायला नको म्हणून सकाळी निघतानाच टिकमार्क करायचो. मग हॉस्पिटलात जिन्यापाशी उभा राहायचो. मागितलं तर देव नाही म्हणेल याची भीती वाटायची. मागितलंच नाही तर अजून उत्तर आलेलं नाही, असं समजता येत होतं.

नऊच्या नऊ? तिने विचारलं. हो म्हटलं. ती काचेबाहेर बघत राहिली. मग विचारलं, आईला माहीत होतं? होतं. हिने माझ्या दुसऱ्या टिकमार्कच्या दिवशीच ओळखलं होतं. म्हणाली होती, तुमचं असू दे, पण पोरांना ते साखळीबिखळी सांगू नका, घाबरतील. मी ऐकलं नाही.

मग सांगितलंत कशाला, असं लेक म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग रडली. मीही रडलो. हिच्यासाठी मी पहिल्यांदाच रडलो, आणि ते लेकीपुढे.

७ ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळी ८

वर्ग परत करायला पाळकसाहेबांकडे गेलो. माइकचं खरं ते सांगितलं. त्यांना माहीत होतं, ते म्हणाले. पुढचा रविवार ते घेणार आहेत, मुलांना टीचरविषयी बोलू देणार आहेत. मला यायचं असेल तर मागे बसा म्हणाले. सिलॅबस तिथेच टेबलावर राहिला, आणायला जाणार नाही.

जेवायला बसलो. लेक म्हणाली, आज तुम्ही करा. लिहिलेली नको, स्वतःची. डोळे मिटले. हे देवा, एवढं म्हणालो. पुढे काही येईना. आठ दिवसांपूर्वीपर्यंत पाच मुलांना प्रार्थनेचे चार भाग शिकवत होतो, त्यातला एकही आठवला नाही. ती थांबून राहिली. ताटातलं निवून गेलं. बऱ्याच वेळाने तिने आमेन म्हटलं, आणि मीठ इकडे द्या म्हणाली.