बॉयकॉट साहेबाचं पीक

प्रिय अण्णा,

मामंजी आज पहाटे गेले. ऊन अंगणात उतरलं तरी दारात कोणी आलेलं नाही. मी पार हादरले आहे, रडूही येत नाही, आणि अशा वेळी मला काय आठवावं, तर तू शिकवलेला एक इंग्रजी शब्द.

बेळगावात विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा मी परकर सावरत तुझ्यामागे 'बॉयकॉट, बॉयकॉट' ओरडत होते. घरी येऊन अर्थ विचारला, तर तू म्हणालास, अगं, हे एका साहेबाचं आडनाव. आयर्लंडात तो जमीनदाराचा कारभारी होता, कुळांना घराबाहेर काढायला निघाला होता. मग गावानं त्याच्याशी बोलणंच टाकलं. गडी कामावर येईनात, दुकानदार जिन्नस देईना, पीक शेतात तसंच उभं राहिलं. आणि माणूस जिवंत असतानाच त्याच्या नावाचं क्रियापद झालं. केवढी हसले होते मी. त्या घरात संध्याकाळी कोण कोणाशी बोलत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

त्यानं कुळांना छळलं तरी होतं. आम्ही काय केलं? मी विधवा होते आणि ह्यांनी माझ्याशी लग्न केलं. मामंजींनी माझ्या हातचं जेवण घेतलं, हा त्यांचा गुन्हा. पंचांनी वाळीत टाकलं, तेव्हा ते हसून म्हणाले होते, सूनबाई, आता दाराला कडी नको, येतंय कोण? आज भटजींनी मात्र आपल्या दाराला आतून कडी लावली. रोज मामंजींशी सोंगट्या खेळणारे हरिभाऊ मान खाली घालून समोरून गेले. बाळाबाई तेवढी कुंपणापलीकडून म्हणाली, "वहिनी, जीव लई तुटतोय गं, पर आमास्नी येता येत न्हाय." तिरडीचे बांबू ह्यांनी एकट्यानं तोडून आणले.

हे म्हणतात, अण्णांना लिहू नकोस, ते यायचे नाहीत. माझ्या लग्नापासून तुझं एक अक्षर आलेलं नाही, तेव्हा त्यांचं काय चुकलं? तरी लिहिते. यल्लाप्पा टपालवाला सरकारी माणूस, त्याला पंच अडवत नाहीत. तो सायकलवरून हे पत्र बेळगावच्या कॅम्पात तुझ्या हाती देईल, आणि परत येऊन एक खांदाही देईन म्हणतो. हे मडकं धरून पुढे चालतील. तू तुझे दोन मित्र घेऊन ये. कडोलीपर्यंत टांगा मिळेल.

त्या साहेबाचं पीक काढायला दूरच्या मुलखातून अनोळखी माणसं आली होती, असं तूच सांगितलं होतंस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसता खांदा दे.

अजूनही तुझीच बहीण,
कल्याणी