लिंबाजवळची शिळा

आप्पा, आज सकाळी बागेत जेसीबी आला. तुमच्या लिंबाजवळ चुन्याची रेघ मारलेली, तिथं कारंज्याचा हौद होणार म्हणे. मी रोजच्यासारखी फिरायला गेले होते, पण ती रेघ बघून पाय उचलेनात. तिच्या मधोमध, हातभर मातीखाली, तुमची शिळा आहे आणि शिळेखाली जुन्या काळची पाण्याची नहर. हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे.

तुम्ही या बागेचे माळी, मी तुमची आठ वर्षांची लेक. त्या उन्हाळ्यात शहराचे नळ कोरडे पडले होते. जुन्या नहरीला पाणी आहे का, असं पालिकेच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही टोपी हातात धरून म्हणालात, "आटली साहेब, कवाच." आणि दुपारी, सगळे पांगल्यावर, तुम्ही पालापाचोळा सारून शिळा सरकवता. खाली खापराच्या नळातून गार पाणी चाललेलं. "शेकडो वर्सं झाली, अजून थांबलं नाय," तुम्ही म्हणता. मी घागर भरते, आईला नेते म्हणते. तुम्ही ती हिसकावून लिंबाच्या रोपट्याच्या बुडाशी उपडी करता. "मानसाला टँकर हाय. झाडाला रांगेत उभं ऱ्हाता येतं का? कळलं तर मोटर लावून आठ दिसात उपसतील. घरी बोललीस तर बघ."

त्याच दुपारी टँकरच्या रेटारेटीत आई पडली. उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच बसलं. तुम्ही तिच्या हाताला हळद लावत होतात, माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. तेव्हा तुमचा राग आला तो अजून गेलेला नाही. त्या लिंबाच्या सावलीत बसले तरी येतो.

मग आज मी जेसीबीपुढं का उभी राहिले, कुणास ठाऊक. इंजिनिअर पोरगा वैतागला, "मावशी, बाजूला व्हा. कायकू टाइम खराब करायले?" मी म्हटलं, आधी फावड्यानं उकर, खाली नहर आहे. दोघांनी उकरलं. शिळा निघाली. ती सरकेपर्यंत माझा जीव मुठीत होता. आत कोरडं असतं तर तुमचं ते "आटली" खरं ठरलं असतं. पाणी वाहत होतं. पोरानं आत हात घातला. काम थांबवलं त्यानं. तेवढ्यात एका पेपरचा बातमीदार आला.

"आजी, हे तुम्हाला कोणी दाखवलं?"

तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचं खोटंही बाहेर आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "आईनं."

उद्या तिचं नाव छापून येईल. तिला आता वाचता येतं, मीच शिकवलं. हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होते, पण तो फोटो ती रोज पुसते, डाव्या हातानं. उद्या ती विचारील, मी कधी दाखवलं गं तुला? मग त्या दुपारची घागर सांगावी लागेल. आप्पा, मला भीती वाटते आहे.