डोक्यातले लोखंड तापवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग रुग्णालय, उष्णोपचार विभाग.

विषय : पत्नीच्या मेंदूतील गाठीत सोडलेले लोहकण तापवून मिळणेबाबत (मागणी दुरुस्त करून).
संदर्भ : 'प्रकरण विचाराधीन आहे' हे आपले पत्र, व त्यानंतरचे तसेच दुसरे.

महोदय,

मी खाली सही करणारा, लाँड्रीत इस्त्री करणारा इसम, सविनय कळवितो की, माझ्या पत्नीच्या गाठीत आपल्या डॉक्टरसाहेबांनी लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सुईने सोडले आहेत. रुग्णास चुंबकाच्या यंत्रात बसवले की हे कण तापतात व गाठ आतल्या आत भाजून निघते, असे आम्हांस समजावण्यात आले होते. यंत्रात तोंडात धातू चालत नाही, सबब तिच्या दाढांवरच्या धातूच्या टोप्या, आणि टोप्यांखाली फारसे काही उरले नव्हते म्हणून दाढाही, काढण्यात आल्या. त्यानंतर यंत्र थंड ठेवणारा पंप जळाला.

पंप यथावकाश बदलला. परंतु मध्ये फार काळ गेल्याने नवीन एमआरआयशिवाय यंत्रात घेता येत नाही, असे आपला विभाग म्हणतो. एमआरआयवाले म्हणतात, डोक्यात लोखंड आहे, फोटो काळा येणार, आधी ते काढून आणा. ते निघत नाही, साहेब. या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना हेलपाटे घालून आम्ही मेटाकुटीला आलो आहोत.

पत्नीचा स्वभाव थट्टेखोर. "अहो, तुमचा जन्म इस्त्रीत गेला, तुम्हीच फिरवा की डोक्यावरून," असे म्हणायची. आता तिचे बोलणे तुटक झाले आहे व हातपाय सतत गार असतात. मी चादर इस्त्रीने गरम करून तिच्या पायांवर घालतो, पण चादर ती काय, लगेच गार होते. काल डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, आता यंत्राचाही उपयोग नाही. हे मी तिला सांगितलेले नाही. ती रोज विचारते, "नंबर लागला का?"

सबब मूळ मागणी मी मागे घेत आहे. विनंती एवढीच की, तिला एकदा त्या यंत्रात बसवावे. यंत्र बंद ठेवले तरी हरकत नाही, दिवा तेवढा लावावा, व आपल्या माणसाने "ऊब लागते का?" असे विचारावे. ती हो म्हणेल. तिलाही बहुधा सगळे कळले आहे, पण मी दारात उभा असेन, म्हणून ती हो म्हणेल.

एवढे झाले की आम्ही पुन्हा आपल्या दारी येणार नाही.

आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा पती

दिनांक : मागचा अर्ज तारीख शिळी झाल्याने परत आला, तरी ती आपणच घालावी.
सोबत : दाढांच्या टोप्या, पुडीत. तोंडात आता धातू नाही, याचा पुरावा.