तारा फुटतो कशाला

बाबा, आज विद्यानगरच्या कॉलेजात मुलींना तारे का फुटतात ते सांगून आले. घरी येऊन गॅसवर तवा ठेवला आणि तुमची फार आठवण झाली, म्हणून लिहायला बसले.

हैदराबादच्या सुलतान बाजारातलं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही कॉलेजात उर्दूतून फिजिक्स शिकवायचात, पण प्रत्येक लेक्चर आधी आईपुढे मराठीत व्हायचं. "हिला कळलं तर पोरांना कळेल," हा तुमचा नियम. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसून सांगता आहात: ताऱ्याला त्याची कशिश, म्हणजे त्याचंच गुरुत्वाकर्षण, आत ओढते, आतली आच बाहेर ढकलते, म्हणून तो टिकून राहतो. जळण संपलं की मोठा तारा फुटतो. आई लाटणं थांबवते. "जळण सरलं तर चूल गप विझते. ह्याला फुटायला काय झालं?" तुम्ही डोकं खाजवता. "ते अजून कुणालाच नीट माहीत नाही." मला तुमचा रागच आला होता. शिकवणाऱ्या माणसाला माहीत नाही म्हणजे काय!

पोलीस कारवाई झाली आणि पाठोपाठ सोलापूरहून काका आले, माझ्यासाठी स्थळ घेऊन. "निजामाचं राज्य गेलं, तुझी उर्दू गेली, नोकरीचा भरवसा नाही. पोरीला कॉलेजात कशाला घालतोस?" पन्नाशीला आलेले तुम्ही तेव्हा तीच लेक्चरं इंग्रजीतून नव्याने घोकत होतात. मान वर न करता म्हणालात, "हिच्या आईचा एक सवाल बाकी आहे. पोरगी त्याचा जवाब आणेल, मग लग्नाचं बघू." काकांना ती चेष्टा वाटली. मला नाही वाटली.

मी बी.एस्सी.ला असतानाच तुम्ही गेलात. तेराव्याची जेवणं उरकताच काकांनी पुन्हा तोच विषय काढला. मी भिंतीला टेकून उभी. रडून रडून आईचे डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत. "ह्यांची अट हाय, भाऊजी. जवाब यायचाय." त्या दिवशी मी ठरवलं, आता मागे हटायचं नाही.

पुढे जवाब आणलाही. ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड तयार होतं, त्यातून आच मिळत नाही. आधार सुटून गाभा कोसळतो आणि वरचे थर उधळले जातात. आई, तुझ्या तव्यातलं लोखंडही असंच कुठल्या कुठल्या ताऱ्यांनी फुटून उधळलेलं, असं सांगितलं तेव्हा आईने तव्याकडे कौतुकाने पाहिलं. मग म्हणाली, "हौ, पण आत पडणारं बाहेर कसं उडतंय?" झालं! मी पुन्हा पुस्तकांकडे. बाबा, याच 'पण'पाशी मोठमोठे संगणक वर्षानुवर्षं अडले, त्यांच्यातले तारे फुटेचनात. दुसऱ्या एका जातीच्या स्फोटांच्या तेजावरून अंतरं मोजून कळलं, की पसरणाऱ्या विश्वाचा पसरण्याचा वेगही वाढतोय. नव्वदीला टेकलेल्या आईला तेही सांगितलं. तिने त्यावरही 'पण' काढला.

काका विचारून विचारून थकले. मी प्रोफेसर होऊन रिटायरही झाले, लग्न राहिलं ते राहिलंच, आणि मी मजेत जगले. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग पूर्ण उत्तर कधी मिळणार?" म्हटलं, तू शोध.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? उशाखाली ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं: आईला खरंच शंका यायच्या, की ती माझ्यासाठी अट लांबवत होती, हे मी तिला कधीच विचारलं नाही. भीती वाटायची, ती म्हणेल, "तुझा जवाब कळला गं मला, कधीचाच."