साहेबांसाठी एक चूक

समुद्राकाठची कचेरी,
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. नाना यांस,
समराचा बाअदब सलाम वि. वि.

अम्मीने फोटो काढून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. वरच्या कोपऱ्यात 'जा. क्र. ४/२०२५' पाहून मी कचेरीत एवढी हसले की शिपाई पाणी घेऊन आला. नातीच्या पत्रालाही जावक क्रमांक घालणारा निवृत्त अव्वल कारकून अख्ख्या जुळे सोलापुरात एकच असणार.

मी या एवढ्याशा बेटावर नेमकं काय करते, असं शेजारच्या चंद्रिकाकाकू रोज विचारतात आणि अम्मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणून सुटका करून घेते, असं तुम्ही लिहिलंत. तर ऐका. हवामान बिघडलं, समुद्र चढला. ज्या गरीब देशांना त्याचा फटका बसतो त्यांच्यासाठी जगाने निधी काढला आहे. पण तो मागायचा तर आधी देशाला नीट मागता यायला हवं. निधीशी कोणतं खातं बोलणार, गावांना विचारलं का, नियम कुठे लिहून ठेवलेत, हे सगळं दाखवावं लागतं. या तयारीसाठीसुद्धा वेगळी मदत मिळते, आणि तिचा अर्ज भरायला मी इथे आले आहे. म्हणजे स्वयंपाक लांबच, आम्ही अजून तांदूळ निवडतोय.

खातं म्हणजे चार माणसं. प्रमुख सिनाबाई, एक वकील, एक नकाशे काढणारा आणि एक टायपिस्ट मुलगी. सिनाबाईंच्या माहेरी विहिरीत समुद्राचं पाणी शिरलंय. त्यांच्या आईच्या हातचा चहा मी प्यायले, नाना. खारट होता, आणि म्हातारी मोठ्या प्रेमाने आणखी घे म्हणत होती. विहिरी वाचवायच्या तर आधी हा अर्ज पास व्हायला हवा. तो दोनदा परत आलाय. ३१ ऑगस्टची मुदत आहे. या वेळी हुकला तर आणखी एक वर्ष गेलं.

तुम्ही चौतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज तपासलेत. परत न येणारा अर्ज कसा करतात, तेवढं सांगा.

शेंगाचटणी संपत आली आहे, ही बाब अम्मीच्या निदर्शनास आणावी. माया आहे तेवढी राहू द्यावी, जास्त झाली तर पार्सलने पाठवावी.

तुमची,
समरा

*

जा. क्र. ५/२०२५
जुळे सोलापूर,
दि. ८ ऑगस्ट २०२५

चि. समरा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. आज पाचव्या दिवशी नळाला पाणी आलंय, त्यामुळे घरात भांड्यांचा दणदणाट चालू आहे आणि मी गॅलरीत बसून लिहितो आहे. सिनाबाईंच्या आईला माझा सलाम सांग. पाण्याची वाट पाहणं काय असतं ते सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

मागायची तयारी करायला मदत, त्या मदतीसाठी अर्ज, अर्जासाठी तू, आणि तुझ्यासाठी मी! तुझ्या अम्मीला, यास्मीनला, वाचून दाखवलं तर ती म्हणाली की अब्बांनी आता दारावर पाटीच लावावी. पण पोरी, हसण्यावारी नेऊ नको. दुष्काळाच्या साली विहिरीचं अनुदान ज्याची विहीर कोरडी त्याला मिळालं नाही, ज्याला फॉर्म भरता आला त्याला मिळालं. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय आणि या हातांनी केलंय.

आता गुपित सांगतो. अर्ज पूर्ण बिनचूक करायचा आणि मग त्यात एक चूक मुद्दाम ठेवायची. हसू नको. तपासणारा माणूस चूक काढायलाच खुर्चीत बसलेला असतो. नाही सापडली की त्याला आपल्या नोकरीची शंका येते आणि तो खणत बसतो. सापडली की लाल शाईने गोल करतो, चहा मागवतो आणि पुढची पानं भराभर उलटतो. चूक चटकन दिसणारी हवी, निरुपद्रवी हवी आणि एकच हवी. हा माझा चौतीस वर्षांचा अर्क आहे, फुकट देतो आहे.

चटणीची बाब निदर्शनास आणली. जबाब आला की आधी निकाहाबद्दल काय ते बोल. सदर प्रकरण मी तूर्त प्रलंबित ठेवलं आहे.

जीव लावतेस तसा लावत राहा, आणि पोचपावती देत जा.

तुझा नाना,
हुसेनसाब

*

समुद्राकाठची कचेरी,
दि. ३१ ऑगस्ट २०२५

ती. नाना यांस,
दंडवत घालून सलाम वि. वि.

गेला! अर्ज गेला! एकशे बारा पानं, दुपारी दोनला, मुदतीच्या चक्क दहा तास आधी. टायपिस्ट मुलगी टेबलावर चढून नाचली. वकिलाने टाय सोडून डोक्याला बांधला. इथे आनंद झाला की माणसं समुद्रात उडी मारतात, म्हणून मलाही कपड्यांसकट ओढून नेलं. हे पत्र ओल्या केसांनी लिहिते आहे.

तुमचं गुपित मी गेल्या आठवड्यातच जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग कुणाचं हसू थांबेना. सिनाबाई म्हणाल्या की सोलापूरच्या आजोबांना आपण सल्लागार नेमायला हवं होतं. मग मी जोडपत्र तीनच्या जागी चार आणि चारच्या जागी तीन लावलं. इतकी गोंडस चूक आहे की तपासणाऱ्याला ती काढताना माया वाटेल.

सिनाबाई आज आईकडे गेल्या आहेत, बातमी सांगायला. त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तुमची दुआ पाठीशी असू द्या, ती असली की मला पोहता येत नसलं तरी चालतं.

तुमची चिंब नात,
समरा

*

समुद्राकाठची कचेरी,
दि. २४ सप्टेंबर २०२५

ती. नाना यांस,
सलाम वि. वि.

अर्ज परत आला. पाच चुका काढल्यात.

पहिली माझी, जोडपत्रांची. पण पान बारावर तारीख नाही, नकाशा उलटा लावलाय, वकिलाने साक्षीदाराच्या जागी सही केली आहे आणि अनुक्रमणिकेत पान चाळीस दोनदा आलंय. मी यादी वाचून दाखवत होते आणि एकेकाचा चेहरा पडत होता. शेवटी नकाशेवाला पुटपुटला की त्याला वाटलं समरा गडबडीत चूक ठेवायला विसरेल, म्हणून त्याने आपली एक ठेवली. वकील म्हणाला की त्यालाही तसंच वाटलं. टायपिस्ट मुलगी तर रडायलाच लागली. आणि नाना, पान बारावरची तारीख खुद्द सिनाबाईंनी खोडली होती!

मग आम्ही पाचही जण पोट धरून हसलो. हसून झाल्यावर सिनाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आईला त्यांनी काम झाल्यात जमा आहे असं सांगितलं होतं. दुरुस्तीला दहा दिवस दिलेत. मला रात्रंदिवस बसून सगळं एकटीने नीट करायचं आहे, यापुढे मी कुणाला अर्जाला हात लावू देणार नाही. रागावले आहे मी. तुमच्यावर थोडी, माझ्यावर फार.

उत्तर लवकर द्या. राग असला तरी लोभ जिथल्या तिथे आहे.

समरा

*

जा. क्र. ६/२०२५ (तातडीचे)
जुळे सोलापूर,
दि. २५ सप्टेंबर २०२५

चि. समरा हिस,
आशीर्वाद, आणि त्याआधी माफी. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसलो, हे आधीच कबूल करतो. यास्मीनने डोळे वटारले तरी थांबता येईना. एका अर्जात पाच-पाच साहेबांची सोय!

आता दुसरी कबुली. ते गुपित माझं नाही. आमच्या कचेरीबाहेर लिंबाखाली दुधनीचा मल्लेश लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मी निवृत्त झालो त्या दिवशी हार घेऊन आला आणि म्हणाला की सायब, राग धरू नका, पण तुमच्यासाठी मी दर अर्जात एक चूक ठेवत व्हतो, ती गावली की तुमी लई खूश व्हत होता की. चौतीस वर्षं! मी समजत होतो की माझी नजर घारीची आहे. आठ दिवस मी घरात धुसफुसत होतो, मग तुझी नानी हसली आणि मीही हसलो. तुला सांगताना मात्र शोध माझा म्हणून खपवला. हा गुन्हा मान्य.

पण एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, ती ऐक. शिवम्मा नावाच्या बाईचा विहिरीचा अर्ज मी तीनदा परत केला. तिसऱ्या वेळी तिने मल्लेशकडे जायचं नाकारलं. कचेरीच्या पायरीवर बसली, आतल्या प्रत्येकाला विचारत गेली आणि स्वतः फॉर्म भरला. त्यानंतर ती कधी कुणाकडून लिहून घ्यायला आली नाही, उलट गावातल्या बायकांचे अर्ज तीच भरू लागली. मल्लेशने ज्यांचं लिहिलं ते दरसाल त्याच्याकडेच येत राहिले. तिला तीन हेलपाटे घालायला लावले याची मला आजही लाज वाटते, समरा.

म्हणून तू एकटीने काही करू नकोस. ज्याची चूक त्याने दुरुस्त करावी, तू पेन खाली ठेव आणि विचारलं तरच बोल. उत्तरात सबबी नकोत. राहिलं होतं, जोडलं आहे, पान अमुक, एवढंच. परत आलेला अर्ज म्हणजे नकार नव्हे. कुणीतरी एकशे बारा पानं वाचली, हे काही थोडं नाही.

चटणी आज पोस्टात टाकली. निकाहाची अट यास्मीनने मागे घेतली आहे.

रुसवा आटोपला की कळव. मी गॅलरीतच आहे.

तुझा नाना,
हुसेनसाब

*

समुद्राकाठची कचेरी,
दि. २९ नोव्हेंबर २०२५

ती. नाना यांस,
गळ्यात पडून सलाम वि. वि.

माझी नोकरी गेली! अम्मीला आधी खुर्चीत बसवा आणि मगच पुढचं वाचून दाखवा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी पेन खरोखर ड्रॉवरमध्ये ठेवलं. चार दिवस माझे हात शिवशिवत होते. नकाशेवाल्याने नकाशा सरळ केला आणि वर गावागावात फिरून खाऱ्या विहिरी त्यावर मांडल्या, ज्या आम्ही मोजल्याच नव्हत्या. वकिलाने नियम पुन्हा लिहिले, लोकांना कळतील असे. टायपिस्ट मुलीने अनुक्रमणिका केली आणि मला त्यातलं काहीच बदलू दिलं नाही. सिनाबाईंनी तारीख घातली. दहाव्या दिवशी अर्ज गेला आणि काल मंजुरी आली. पुन्हा सगळे समुद्रात! या वेळी सिनाबाईंच्या आईसुद्धा, पंचाहत्तरीच्या, नाक धरून.

पण खरी गंमत आज सकाळी झाली. विहिरींसाठी निधीकडे करायचा मुख्य अर्ज आता खात्याला करता येणार आहे. मी फाइल घेऊन बैठकीच्या खोलीकडे गेले तर दार आतून बंद. टायपिस्ट मुलीने डोकं बाहेर काढून सांगितलं की बाहेर बाकावर बसा, गरज लागली तर बोलावू. नाना, मी तीन तास बसले. आतून भांडण ऐकू येत होतं, मग हसणं, मग सिनाबाईंचा आवाज, प्रत्येक विहिरीचं नाव घेणारा. मला कुणी बोलावलं नाही. मी त्या बाकावर बसून रडले, आणि इतका आनंद मला आजवर कशाने झाला नाही.

दुपारी सिनाबाईंनी माझ्या हातात खात्याचं पत्र दिलं. वर जावक क्रमांकही होता. त्यांनी लिहिलं होतं की समराबाई जे काम करायला आल्या होत्या ते आता आम्हाला येतं, सबब त्यांची मुदत वाढवण्याची आवश्यकता उरलेली नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरी येते. तोवर लोभ सांभाळून ठेवा, आल्यावर सगळा एकदम लागेल.

तुमची बेकार नात,
समरा