रविवारी आलेला दसरा

मखमलाबाद,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २००३

प्रिय ताई,

ज्ञानूचा साष्टांग नमस्कार. दाजींना एक, तुझ्या सासूबाईंना दोन. इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा आईसारखाच आहे, म्हणजे कुणाचं ऐकत नाही. आबा खोकतात, आणि विचारलं की म्हणतात, "कोण खोकलं?" बाजारात मेथीला भाव आहे, कोथिंबिरीला नाही, आणि आपण कोथिंबीर लावलीय. म्हणजे नेहमीसारखंच.

तू म्हणशील, घोटी काय सातासमुद्रापार आहे का, पत्र कसलं लिहितोस! पण फोन केला की सासूबाई उचलतात आणि तू अंघोळीला गेलेली असतेस. सकाळी अंघोळीला, दुपारी अंघोळीला, परवा तर संध्याकाळीसुद्धा. घोटीत पाण्याची एवढी चैन असेल तर आबांना सांगतो, मळाच तिकडे हलवू.

तुझा राग मला कळतो. मागच्या दिवाळीला मी तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून आलो, ओटीवर बसलो, सासूबाईंनी चहा पुढे केला आणि मी म्हणालो, "नको, आमच्यात चालत नाही." मला म्हणायचं होतं की मी मॉर्मन झालोय आणि आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी घेत नाहीत. पण पाहुण्याच्या ओटीवर बसून हे वाक्य बोललं की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो फार जुना आणि फार घाण अर्थ आहे. "आमच्या हातचं चालत नाही व्हय!" म्हणून सासूबाई कप घेऊन आत गेल्या, आणि तुझी लग्नानंतरची पहिली दिवाळी सासरीच गेली. त्यावर मी माफी मागून मागून इनलँडचा खप वाढवलाय. परत उगाळत नाही.

तुला एक विचारायचं आहे. पण ते नंतर. आधी दसऱ्याचं सांगतो, कारण बाजारातल्या लंकाबाईंची भाची तुमच्याच गल्लीत दिलीय आणि तिच्याकडून तुला तिखटमीठ लावून कळणार. त्यापेक्षा माझ्याकडून अळणी ऐक.

तर यंदा दसरा रविवारी आला.

मी रविवारी विकत नाही, विकत घेत नाही, हे घरात आता मुरलंय. माझ्या बाकीच्या मॉर्मनपणाशीही त्यांनी जुळवून घेतलंय. सोमवारी टीव्ही बंद करून सगळ्या घराने एकत्र बसायचं, गाणं म्हणायचं, चार चांगल्या गोष्टी बोलायच्या, अशी आमच्यात रीत आहे. मी ती आपल्याकडे सुरू केली. पहिल्या सोमवारी आबा म्हणाले, "सोमवारी माझा उपास असतो. भुक्या माणसाकडनं गाणं वदवणारा हा कसला देव?" आता ते येऊन बसतात. गात नाहीत, पण पाण्याच्या मोटरीबद्दल सविस्तर बोलतात. आई एक ओवी म्हणते. मी माझ्या इंग्रजी भजनाचं मराठी करून म्हणतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. ताई, खरं सांगतो, आठवड्यातला तो अर्धा तास मला फार आवडतो.

पण दसरा म्हणजे दसरा. आबा कॅलेंडरसमोर उभे राहिले.

"झेंडू वरीसभर काय भावानं जातो ठाव हाय तुला. एक दिवस आपला असतो. त्यो बी तुझ्या देवानं घेतला?"

"आबा, शनिवारी मी सगळा तोडून, भरून, निम्मा ओवून देतो. रविवारी फक्त विकायला बसत नाही."

"म्हंजी पोरगी वाढवायची न् लग्नाला मांडवात यायचं नाय."

आई म्हणाली, "जाऊ द्या हो. शनिवारी दोन माणसांचं काम करतोय ना? मग रविवारी एक कमी."

शनिवारी मी खरंच दोन माणसांचं काम केलं. बोटं अजून पिवळी आहेत. रविवारी सकाळी पांढरा शर्ट, टाय घालून एकलहऱ्याला गेलो. तिथे मोतीरामकाका आहेत, वीजकेंद्रात फिटर. त्यांच्या क्वार्टरमध्ये टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकला की आमचं चर्च तयार होतं. टेकायला दिवाण. आम्ही जेमतेम पाचसहा घरची माणसं. पाव आणि पाणी घेतलं, प्रार्थना झाली, आणि बोलायची पाळी माझी होती. विषय काय, तर कृपा. मी फार सुंदर बोललो. माणसाने आपल्या परीने सगळं करायचं, आणि तरी जे कमी पडतं ते देव पदरचं भरतो, वगैरे. मोतीरामकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्यांना सर्दीही होती.)

तिथून परत येताना आबांचा डबा द्यायला मी नाशकात रविवार कारंजावर उतरलो. आबा झेंडूच्या डोंगरामागे बसलेले. मला बघितल्याबरोबर उठले. मळ्यातल्या उरलेल्या गोण्या आणायला टेम्पोवाला तयार होता, पण दाखवायला कुणी नव्हतं.

"मी जाऊन येतो. तू बस."

"आबा, मी विकणार नाही."

"इकू नको. नुसता बस. गाय आली तर हाकल."

आणि गेले.

आता सांग, दसऱ्याच्या दिवशी रविवार कारंजावर झेंडूच्या ढिगामागे टाय घालून नुसतं बसता येतं का? लोक तुटून पडले. "कसा दिला?" "कसा दिला?" मी म्हणत होतो, आबा येतायत, थांबा. दसऱ्याचं गिऱ्हाईक कशाला थांबतंय! एक बाई म्हणाल्या, "अरे, दारावर तोरण नाही, पूजा खोळंबलीय, सांग की पटकन." माझ्या डोक्यात अजून सकाळचं भाषण गरम होतं. मी म्हणालो, "घेऊन जा. पैसे नकोत."

"फुकट?"

"फुकट."

"शिळा आहे का?"

"कालच तोडलाय."

"मग फुकट कशाला?"

मागून एकजण ओरडला, "टाय बघा ना. इलेक्शनला उभा राहणारे. दादा, निशाणी काय तुमची?"

एक म्हातारी फुलं हातात घेऊन परत ठेवून गेली. "देवाला फुकटचं नको रे बाबा." पण बाकीच्यांनी पिशव्या काढल्या. मी ओंजळी भरभरून देत होतो आणि खरं सांगू, मला फार छान वाटत होतं. मला वाटलं, हीच ती. हीच कृपा. मागितली नाही, कमावली नाही, तरी मिळाली. मी स्वतःला जवळजवळ देवदूत समजायला लागलो होतो, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"ए टायवाल्या!"

शेजारी लंकाबाई बसतात. आबांच्या जुन्या वैरीण. जागेवरून, सावलीवरून, तागडीवरून, कशावरूनही भांडतात. त्यांच्यापुढे एक माणूस नव्हतं.

"तू फुकट वाटतो, मग माझ्याकडं कोण यील? माझा झेंडू उद्या काय शेरडं खातील का?"

मी म्हणालो, "मावशी, आज रविवार आहे, मला विकायचं नाही."

"रविवार तुला हाय. मला पोट हाय. तुझ्या देवाला सांग, पुण्य करायचं तर सोताच्या गोणीतनं कर, माझ्या गोणीतनं नको."

ताई, त्यांचं बरोबर होतं. मी माझा रविवार सांभाळला होता, आणि तो त्यांच्याकडून वसूल केला होता. आणि आता करायचं काय? द्यायचं थांबवलं तर लोक ओरडणार, चालू ठेवलं तर लंकाबाई बुडणार, आणि विकायचं तर नाहीच. मी जागच्या जागी उभा राहिलो. घाम टायमध्ये मुरत होता.

लंकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला, पदर खोचला, आणि आपली तागडी उचलून आमच्या ढिगापाशी येऊन बसल्या. "सरक तिकडं," म्हणाल्या. "तू माझी तोरणं ओव. आंब्याची पानं घाल मधून. तुझ्या बापाचा मी इकते." आणि लोकांवर ओरडल्या, "फुकट संपलं! त्यो नवस होता, फिटला!"

आबा गोण्या घेऊन आले तेव्हा त्यांचा मुलगा वैरिणीच्या पोत्यावर बसून वैरिणीची तोरणं ओवत होता, आणि वैरीण आबांचा झेंडू आबांपेक्षा चढ्या भावाने विकत होती. आबा बराच वेळ टेम्पोतून उतरलेच नाहीत. मग म्हणाले, "लंके, याला काय झालं?"

"काय नाय. पोरगं चांगलंय. येडंय." त्यांनी कनवटीचे पैसे काढून आबांच्या पुढ्यात टाकले. "हे तुझे. आन् तागडी नीट कर तुझी, डाव्या अंगाला पडते."

आता तू म्हणशील, तोरणं ओवणं म्हणजे रविवारी काम झालंच की. आमच्याकडे म्हणतात, रविवारी बैल खड्ड्यात पडला तर काढायचा, त्याला दोष नाही. इथे अडचण एवढीच की बैल मी होतो, आणि काढणाऱ्या लंकाबाई.

त्या दिवसापासून मी जरा विचारात आहे. 'आपल्या परीने सगळं' करण्यात मी पहिला नंबर. चहा नाही, रविवार नाही, शर्टाला इस्त्री. आणि कृपा म्हणजे आपण वाटायची गोष्ट असं मी धरून चाललो होतो. ती अंगावर खेकसत, तागडी घेऊन शेजारून येईल, असं भाषणात कुठे नव्हतं.

बरं. आता ते विचारायचं राहिलेलं.

मला बोलावणं आलंय. आमच्यातली मुलं दोन वर्षं चर्चच्या प्रचारसेवेला जातात, सगळं सोडून. घरी फोन वर्षातून दोनदा. मला आंध्रात पाठवतायत, राजमुंद्रीच्या बाजूला. दिवाळी झाली की निघायचं. आबांना सांगितलं तर ते उठून मळ्यात गेले. दोन दिवसांनी मोटर बंद करता करता म्हणाले, "रूपालीला इचार. ती हो म्हनली तर माझी ना नाय."

म्हणजे सगळं तुझ्यावर आलंय. तू, जी माझ्या फोनवर येत नाहीस.

अजून एक लिहितो आणि पाकीट बंद करतो, नाहीतर फाडून टाकीन. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल. पण थोडं सुटल्यासारखंही वाटेल. आईचा गुडघा, आबांचा तो कुणाचाच नसलेला खोकला. मला जायचंय, ताई, आणि मला भीती वाटते. हे मी एकलहऱ्याला कुणाला बोललेलो नाही.

काय ते तुझ्या तोंडाने सांग.

तुझ्या उत्तरावर टांगलेला,
ज्ञानू


मखमलाबाद,
शनिवार, १ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार वगैरे सकाळी पायावर डोकं ठेवून झालाय. तुझी एसटी जाऊन चार तास झाले आणि मी लगेच लिहायला बसलोय, कारण तू गेल्यावर इकडे जे झालं ते तुला माहीत नाही.

आधी सासूबाईंना माझा खास निरोप. लंकाबाईंच्या भाचीने त्यांना झेंडूचं सगळं रंगवून सांगितलं, आणि त्या हसून हसून म्हणाल्या, "म्हंजी त्यो पोरगा सोवळा नाय, खुळा हाय. खुळ्यावर कशाला रुसायचं? जा, ओवाळून ये." माझी एवढी पत्रं, आणि काम केलं ते या एका वाक्याने. त्यांना सांग, खुळा ही पदवी मी आनंदाने स्वीकारली आहे.

भाऊबीजेला तू ओवाळलंस, मी ओवाळणी टाकली, आणि आबांनी विषय काढला, "मग? काय म्हनती तू? जाऊ द्यायचं का याला?" मला वाटलं, आता हो किंवा नाही. आणि तू ताम्हण खाली ठेवून आमच्यावर जी घसरलीस!

"आबा, तुमचा मुलगा आहे. जाऊ द्यायचा नसेल तर तुम्ही सांगा, माझ्या खांद्यावर कशाला बंदूक? आणि तू रे, तूसुद्धा माझ्याच पदराआड! जायचं असेल तर बापाला सांग, नसेल जायचं तर देवाला सांग. दोघं एवढे बापे, आणि माझी वाट बघत बसलेत!"

आई एकटी हसत होती.

तुला सोडून आलो तर आबा ओट्यावर नवं कॅलेंडर घेऊन बसलेले. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आबा, मला जायचंय." पहिल्यांदाच असं, तुझं नाव न घेता. त्यांनी पान उलटलं.

"फुडचा दसरा रविवारी नाय."

"बरं."

"बरं काय? यंदा रविवार, तर तू हितं. फुडच्या साली मोकळा, तर तू तिकडं. तुझ्या देवाला येवढं बी जमंना?" मग बराच वेळ ते कॅलेंडरच गुंडाळत बसले. "कधी निघायचं हाय?"

एवढंच. हो असं म्हणालेच नाहीत. पण नंतर आईला विचारत होते, राजमुंद्रीत झेंडू होतो का.

आता राहिली तुझी खिडकीतली गोष्ट. गाडी हलायला लागल्यावर तू वाकून म्हणालीस, "माझ्या मनातलं विचारलं असतंस ना ज्ञानू, तर मी नाहीच म्हटलं असतं. दोन वर्षं फार होतात रे." आणि खिडकीची काच ओढून घेतलीस.

ते 'नाही' तुझ्याजवळ होतं. आबांनी शब्दच दिला होता. एकदा बोलली असतीस तर मी आज बॅग उघडून कपडे परत फळीवर ठेवत असतो. तू ते गिळलंस, आणि वर आमच्यावर ओरडलीस, म्हणजे आम्हाला कळूही नये.

मी यावर कुठेही भाषण करणार नाही.

हे फेडायच्या भानगडीतही न पडणारा,
तुझा ज्ञानू